हात गळ्यात, डोळे बांधीत

रोवणीच्या ऐन तोंडावर माझा उजवा हात मोडला आणि त्या दिवसापासून देवाशी माझं बोलणं जरा तुटकच झालं. दिवा लावत होते, नमस्कारही करत होते, डाव्या हाताने, अर्धाच. पण मनात कुरकुर चालूच होती. आमच्या आमगावकडे धान हेच सगळं. परं, म्हणजे धानाचं रोप, उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, गुडघाभर चिखलात वाकून एकेक रोप लावायचं, आणि हे सगळं पाऊस देईल तेवढ्याच दिवसांत उरकायचं. त्यात मी म्हणजे रोवणीची बिनपगारी मुकादम. कोणाची ओळ वाकडी चालली, कोण गप्पांमध्ये मागे पडली, चहा अजून का आला नाही, सगळं माझ्या नजरेखाली आणि माझ्या तोंडाखाली. अशा बाईचा पाय पहिल्याच दिवशी शेवाळलेल्या बांधावरून सटकला. पेंढी एकीकडे, मी एकीकडे, आणि मनगट भलतीकडेच.

गोंदियाला नेलं. डॉक्टर हिंदी बोलणारे, तरुण, हसरे. प्लास्टर चढवणाऱ्या माणसाला मी ‘इथे जरा सैल ठेवा, तिथे पट्टी कमी पडली’ असं सांगत होते, ते त्यांनी ऐकलं असावं. निघताना म्हणाले, “अम्मा, हाथ को पूरा आराम देना है. हो सके तो मुँह को भी.” आमचे हे एवढे हसले की मला वाटलं, आता त्यांच्यासाठीही एखादी खाट मागवावी लागते. मी मात्र रुसले. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बायका चिखलात वाकलेल्या दिसत होत्या, आणि मी हात गळ्यात अडकवून पाहुणीसारखी बसले होते. माझ्या मनात आलं, महादेवा, सगळ्या गावात मोडायला तुला हाच हात सापडला का?

त्याच सुमारास आमच्या महादेवाच्या देवळात सप्ताह बसला. प्रवचनाला बाहेरगावचे एक महाराज आले होते. त्यांनी साक्षीभाव सांगितला. आपण पाहणारे आहोत, करणारे नाही. सुख आलं, पाहा. दुःख आलं, पाहा. मधे हात घालू नका. मला वाटलं, हे तर माझ्या प्लास्टरकडे बघूनच बोलत आहेत. मी मनावर घेतलं. आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अर्धवट घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीसमोर साक्षीभावाने बसले. आमचे हे धावत आले, “अवो, दूध उतू जाऊन राहिलं!” मी म्हटलं, “हो, पायतेच हाय मी.” त्यांनी दूध उतरवलं, बोट भाजून घेतलं आणि म्हणाले, “तुह्या महाराजाले म्हनाव, चाय बी साक्षीभावानंच प्या.” त्या दिवशी खरंच कोरा चहा प्यावा लागला.

घरात बसून साक्षीभाव जमेना, कारण घरातली प्रत्येक वस्तू मला हाक मारायची. म्हणून मी शेतावर जाऊन बसायला लागले. शेताच्या वरच्या अंगाला आमची झोपडी आहे, तिच्यासमोर मोहाचं झाड. त्याखाली खाट टाकून मी रोवणी पाहायची. पहिले काही दिवस तिथूनही ओरडत होते. मग बायकांनी माझ्याकडे पाठ करून लावायला सुरुवात केली. ओळी तरीही सरळच येत होत्या, हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खालच्या अंगाला नाल्यालगत आमची एक मोठी बांधी आहे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा. ती सखल आहे, पाणी धरून ठेवते, म्हणून शेवटी लावतो. रोवणी तिथपर्यंत पोचायच्या आत एका सकाळी तिच्यात सारसांची जोडी उतरली. माणसाएवढी उंच, राखी अंगाची, लाल डोक्याची. आमच्याकडे सारस नवे नाहीत, लहानपणापासून उडताना पाहिले आहेत. पण ही जोडी उडून गेलीच नाही. गवत उपटून, शेवाळ ओढून, बांधीच्या मधोमध त्यांनी ढीग रचायला घेतला. लावणाऱ्या बायका आपणहून थांबल्या. आमच्या यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “आता ही बांधी यंदा यायची.” यायची म्हणजे त्यांची. एवढाच ठराव झाला. बांधीचा मधला भाग पडीक ठेवला, कडेकडेने तेवढं धान लावलं.

गोंदियाहून पक्षी पाहणारी मंडळी आली. दुर्बिणीतून त्यांनी घरटं पाहिलं, अंडी दोन आहेत म्हणून सांगितलं, आणि मग माझ्या खाटेकडे पाहिलं. त्यातली एक मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही इथे रोज बसता ना? मग तुम्हीच बघा. जवळ मात्र जायचं नाही. माणूस सारखा जवळ आला तर ते घरटं सोडून देतात. कुत्री दिसली तर लांबूनच हाकला, काही झालं तर आम्हाला फोन करा.” मला हसूच आलं. महाराज म्हणतात पाहा, डॉक्टर म्हणतात बसा, आता ही मुलगीही तेच म्हणते. देवाने सगळीकडून एकच निरोप धाडला होता आणि तो मला मुळीच आवडला नव्हता.

पण पाहायला बसलं की पाहणं आपलं आपण वाढत जातं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा नुसते दोन पक्षी दिसत होते. मग नर कोणता, मादी कोणती ते कळायला लागलं; नर जरा उंच, आणि मान वळवण्यात तोरा. मग कळलं की अंड्यांवर दोघंही आळीपाळीने बसतात, आणि पाळी बदलताना एकमेकांना मान खाली घालून काहीतरी विचारतात. आमच्या यांनी जन्मात कधी मला तसं विचारलं नाही, हे मी त्यांना सांगूनही टाकलं. पाणी कुठून बांधीत येतं, कुठे साचतं, कुठे झिरपतं तेही दिसायला लागलं. नाल्याकडच्या कोपऱ्यात खेकड्यांनी बांध पोखरला होता. पाऊस थांबला की तिथून बारीक धार बाहेर पडत राहायची. नर त्या कोपऱ्याकडे कधी फिरकत नसे. बांधीत पाणी जायचं-यायचं तोंड मात्र घरट्याच्या अगदी जवळ होतं. त्या बाजूला साधा बगळा उतरला तरी तो पंख पसरून अंगावर धावायचा. आणखी एक गोष्ट कळली. मी त्यांना पाहत होते तसे तेही मला पाहत होते. मी खाटेवरून उठले की मान वर. बसले की मान खाली. म्हणजे इथे मी नुसती पाहणारी नव्हतेच. माझं बसणंसुद्धा त्यांच्या दिवसातली एक गोष्ट होऊन गेली होती. महाराजांनी हे काही सांगितलं नव्हतं.

मधे पावसाने दडी मारली. बांधीतलं पाणी उतरायला लागलं आणि गावातली कुत्री बांधावरून हुंगत फिरायला लागली. पाणी आहे तोवर कुत्रं आत शिरत नाही. पाणी आटलं की घरटं उघडं पडतं. आमचे हे रात्रभर अस्वस्थ. एके दिवशी भल्या पहाटे गेले, नर चरायला लांब गेलाय असं पाहून चिखलाचे गोळे आणि गवताची ढेकळं लावून बांधीचं ते तोंड घट्ट बुजवून आले. बांधही वीतभर उंच केला, खेकड्यांची भोकंही लिंपली. वरच्या बांधीतून पाणी वळवून आत घेतलं. घरी आले ते बारशाला जाऊन आल्यासारखे. “आता थेंब बाहेर जात नाई,” म्हणाले. धानवाला माणूस मायेने दुसरं काय करणार? पाणी अडवणार. मलाही तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मग पोळा आला, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकून झाले तोच, पाऊसही आला. सगळी दडी त्याने एका रात्रीत भरून काढली. सकाळी नाल्यावरचा रपटा, तो बसका पूल, पाण्याखाली गेला. पण पोळा तो पोळा. गावात बैलांना अंघोळी, शिंगांना रंग, पाठीवर झुली. दुपारून पाऊस झिमझिमीवर आला तसे सगळे आपापल्या जोड्या घेऊन आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, निघाले. हेही गेले. आमच्याकडे त्या दिवशी शेतात कोणी पाऊल टाकत नाही, मातीला फावडं लावत नाही. बैलांचा सण, जमिनीलाही विसावा. मी पुरणाचा नैवेद्य झाकून ठेवला आणि मला राहवेना. छत्री डाव्या हातात धरून शेतावर गेले. कशाला जातेस, असं स्वतःला विचारलं, तर ‘नुसतं पाहून येते’ असं उत्तर आलं.

पाहिलं तर भलतंच. वरच्या सगळ्या बांध्या भरून पाणी खाली धावत होतं, आणि आमची सारसांची बांधी काठोकाठ भरलेली. तोंड बुजवलेलं, बांध उंच केलेला, पाण्याला जायला जागाच नव्हती. घरट्याचा ढीग एरवी पाण्यावर चांगला हातभर दिसायचा, तो आता बोटभर उरला होता. मादी वर बसलेली, नर तिच्याभोवती घिरट्या घालत होता. यांना फोन लावला. आखरावर ढोल, डफडी, भोंगे, कोण उचलतो? पक्षी पाहणाऱ्यांना लावला. ती मुलगी लगेच बोलली, पण रपट्याच्या पलीकडे अडकून ती तरी काय करणार? तिचा आवाज रडवेला झाला होता. “काकू, तोंडापाशी जाऊ नका, तो अंगावर येईल. बाकी तुम्हाला तिथलं जास्त दिसतंय, तुम्हीच ठरवा,” एवढं म्हणाली आणि रेंज गेली.

मी खाटेवर बसले. एका हाताने फावडं चालत नाही. झोपडीतून काढून आणून पाहिलं होतं, दोन वेळा मातीवर आपटलं आणि सटकून पायावर पडता पडता राहिलं. मग मला महाराजांचं वाक्य आठवलं. पाहा, मधे हात घालू नका. मी खरोखर प्रयत्न केला. पाणी चढतंय, पाहा. ढीग बुडतोय, पाहा. आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी मोठ्याने बोलले, ऐकायला कोणी नव्हतंच. म्हटलं, महादेवा, करायला हात दिला नाहीस, ठीक आहे. पण मग हे मला दाखवतोस कशाला? नुसतं पाहायलाच बसवलं असशील तर निदान डोळे मिटायची तरी परवानगी दे.

पण डोळे मिटले नाहीत, कारण तेवढ्यात मादी उठली. मला वाटलं, झालं, सोडून चालली. ती ढिगावरून खाली पाण्यात उतरली, चोच बुडवली, लांबलचक गवत उपटून वर काढलं आणि अंड्यांच्या कडेला कोंबलं. परत वाकली. परत कोंबलं. नरानेही तेच सुरू केलं. दोघं मिळून घरटं उंच करायला लागले होते, घाईघाईने, पण गोंधळ न करता, अंडी चोचीने हलकेच सरकवत, खालून भर घालत. मी तोंडाला पदर लावून पाहत राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की तुम्ही नुसते साक्षी आहात. पाणी चढतंय हे त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिल्याबरोबर वाकले होते. पाहणं आणि वाकणं यांच्यामध्ये त्यांच्यापाशी काही अंतरच नव्हतं. मी उभी राहिले. काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण बसवेना.

त्याच वेळी नाल्याकडच्या बांधावरून एक माणूस येताना दिसला. पांढराशुभ्र सदरा, पांढरा पायजमा घोट्यावर दुमडलेला, चपला एका हातात आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. गावातला नव्हता. पोळ्याच्या दिवशी, अशा पाण्यात, परका माणूस शेतातून कुठे चालला असेल? त्याने माझं रडवेलं तोंड पाहिलं आणि लांबूनच विचारलं, “का पायून राहिल्या जी, बाई? कोनी बुडालं का?”

“अजून नाई भाऊ,” मी म्हटलं, “पन बुडून राहिलं.” आणि मी बोट दाखवलं.

तो पाहत उभा राहिला. शेतकरी माणूस, त्याला फार सांगावं लागलं नाही. आपण देवरीकडचे, म्हणाला. त्याची बैलजोडी होती. एक बैल गेला, जोडी फुटली, म्हणून दुसरा, चांद्या त्याचं नाव, आमच्या गावातल्या सीताराम भाऊजींना विकला. तेव्हापासून दर पोळ्याला तो चांद्याला पुरणपोळी खाऊ घालायला येतो. रपटा बुडाला म्हणून बस फाट्यावरच थांबली. वरच्या अंगाने, जिथे नाला पसरट आहे तिथून उतरून, बांधाबांधाने निघाला होता. माझ्या गळ्यातला हात त्याने पाहिला, खाली पडलेलं फावडं पाहिलं. मग जरा चाचरला. “पोळ्याच्या दिवशी मातीले फावडं लावाचं? आमच्याकडं चालत नाई जी.”

“आमच्याकडं बी चालत नाई,” मी म्हटलं. “पन भाऊ, सुट्टी बैलाले हाय. देवाले कुठं हाय?”

तो मोकळेपणाने हसला. फडक्यातली पुरणपोळी त्याने माझ्या डाव्या हातात दिली, “हे सांभाळा, चांद्याची हाय,” आणि फावडं उचललं. “दाखवा कुठं फोडाचं ते. तोंडाकडं गेलो तर तो नर माहे डोरे काढीन.”

आणि गंमत अशी की मला ते ठाऊक होतं. क्षणभरही विचार करावा लागला नाही. खेकड्यांनी पोखरलेला नाल्याकडचा कोपरा, घरट्यापासून सगळ्यात लांब, जिकडे नर फिरकत नाही, आणि जिथे माती आधीच भुसभुशीत आहे. इतके दिवस खाटेवर बसून, रुसून, कुरकुरत मी जे पाहिलं होतं ते सगळं आता एका बोटात उतरलं. “तिथं,” मी म्हटलं. तो खाली बसून, वाकून, बांधाच्या आडून त्या कोपऱ्यात गेला आणि त्याने फावडं घातलं. मी मात्र त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याची पाठ घरट्याकडे होती, त्याला काही दिसत नव्हतं. पाणी किती उतरतंय, पक्षी बिचकतायत का, हे पाहणारं कोणीतरी हवं होतं. एकदम धो धो सुटलं तर ढीग खालून खचला असता.

“किती झालं जी?” तो ओरडून विचारायचा.

“अजून चढूनच राहिलं.”

“आता?”

“थांबलं.”

“थांबलं का उतरून राहिलं?”

“थांबा ना भाऊ, पायू द्या!”

मी श्वास रोखून ढिगाची कड पाहत होते. मादीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मी हलले नाही. तिने परत मान खाली घातली. आणि मग ओल्या गवताची एक काळी रेघ पाण्यावर दिसली, मघाशी नव्हती ती. मग ती रुंद झाली. “उतरलं!” मी किंचाळलेच, आणि त्याच क्षणी गावाकडून, आखरावरून, शेकडो गळ्यांतून आरोळी आली, “हर हर महादेव!” पोळा फुटला होता. तोरण तोडून बैल सुटले होते, ढोल वाजत होते, आणि इकडे नाल्यात आमच्या बांधीचं पाणी खळाळत पडत होतं. मी गळ्यातला हात आणि पुरणपोळीचा हात जवळ आणून जमेल तसा नमस्कार केला. मी याचा अर्थ लावत बसत नाही. दर पोळ्याला ही आरोळी होते, त्या दिवशीही झाली. पण माझ्या अंगावर आला तो काटा मला अजून आठवतो.

“पुरे, एवढंच ठेवा,” मी सांगितलं. त्याने फोडलेल्या जागेत दगड आणि गवताची ढेकळं लावून धार बारीक केली, म्हणजे सगळंच पाणी निघून जाऊन उद्या कुत्र्यांना वाट नको. मग वर आला. पांढऱ्या सदऱ्यावर पांढरं असं काही उरलंच नव्हतं. गावाकडे कान देऊन म्हणाला, “फुटला जी पोळा. चांद्या तोरनाखाली कसा उभा राहते ते पाहाचं होतं यंदा.” मला फार वाईट वाटलं. मी तसं म्हटलं, तर त्याने पुरणपोळी परत घेतली आणि उलट मलाच समजावलं, “राहू द्या हो. बैल घरी भेटन. हे मातर घरी भेटलं नसतं.” नाल्यावर हातपाय धुऊन तो गावाकडे गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

हे घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. बांधीचं तोंड आपणच बुजवलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते बराच वेळ बैलांच्या अंगावरचा रंग पुसत राहिले. मग म्हणाले, “आपन माया करतो तेबी पाहून करावं लागते, होय ना?” कोपऱ्यातलं धान वाहून गेलं होतं त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. नैवेद्याचं ताट त्यांनी आधी बैलांना दाखवलं आणि मग मला वाढलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मला त्या रात्री खात्री वाटत होती की तो माणूस म्हणजे महादेवच, दुसरं कोणी नाही. पांढरे कपडे, बैलाची ओढ, बरोबर त्या वेळी येणं, नाव न सांगणं. आणखी काय पुरावा पाहिजे? दुसऱ्या दिवशी मी सीताराम भाऊजींच्या घरी गेले, तो आलाच नव्हता असं ऐकायच्या तयारीने. त्यांची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, “आला होता ना व बाई! चिखलानं असा भरला होता का मी वळखलंच नाई. चांद्यानं मातर वळखलं. दोन कप चाय पेला, सकाळच्या बसनं गेला.” मी परत येताना एकटीच हसत होते. देव आमच्या गावात येऊन दोन कप चहा पिऊन बसने गेला असेल, तर त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. उलट बरंच वाटलं. आणि तो नुसता देवरीचा एक शेतकरी असेल, तर आणखीच बरं वाटलं; देवाला वेगळं रूप घ्यायचे कष्ट पडले नाहीत.

मग मी विचार करत राहिले, त्या दिवशी केलं कोणी? खोदलं त्याने. जागा सांगितली मी. पण ती जागा मला दिसली ती हात मोडून बसावं लागलं म्हणून. घरटं खालून उचललं त्या जोडीने. माझे दोन्ही हात धड असते तर मी पोळ्याच्या दिवशी घरी पुरण वाटत असते, आणि पुढच्या दिवशी ‘अरेरे’ म्हणायला शेतावर आले असते. महाराज चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. मी अर्धंच ऐकलं होतं. पाहणारा म्हणजे लांब बसलेला, असं मी धरून चालले होते. पण पाहणारा तिथेच असतो, त्याच पाण्याच्या काठावर. आणि ज्याने खरं पाहिलंय त्याची पाळी कधी येईल ते सांगता येत नाही.

पुढे अंडी फुटली. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. त्या सकाळी हे माझ्यासोबत खाटेवर बसले होते. आता त्यांनाही ही सवय लागली आहे. तांबूस रंगाची दोन पिल्लं आईच्या मागे पाण्यात उतरली, धानातून वाट काढत निघाली. थोरलं बांध चढून गेलं. धाकटं ओल्या मातीवरून घसरलं, चिखलात पडलं, उठलं, परत घसरलं. आई बांधावर उभी. हे उठलेच, “जाऊ का? एवढंसं तं उचलाचं हाय!” मी त्यांचं मनगट धरलं. “थांबा,” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही तीच बाई आहे का! आईने पिल्लाला उचललं नाही. ती दोन पावलं मागे आली, मान खाली घातली, चोच त्याच्या अगदी समोर धरली आणि घशातल्या घशात काहीतरी बोलली. पिल्लाने परत पाय रोवले. घसरलं. परत रोवले. आणि वर गेलं, धडपडत, पंखांचे थुटे हलवत, आईच्या पायांमधून पलीकडे. आमचे हे मटकन खाली बसले. मी त्यांचं मनगट सोडलं तर त्यावर माझी बोटं उमटलेली होती.

संध्याकाळी देवळात गेले. एरवी माझ्याकडे महादेवाला सांगायला पुष्कळ असतं. हे असं कर, ते तसं होऊ देऊ नकोस, आणि अमक्याच्या मुलीचंही जरा बघ. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर बसले तर काही आठवेना. मग म्हटलं, उठ म्हणशील तेव्हा उठेन, थांब म्हणशील तेव्हा थांबेन. कधी काय ते तू बघ. फक्त मला तिथे असू दे.